सर्व्हरचा रॅक किती वीज खातो आणि खोली किती तापवतो : मोजणीपासून एसीच्या निवडीपर्यंत

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी या पट्ट्यातील पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये आणि उद्यमबाग-मच्छे भागातील कारखाने यांच्याकडे स्वतःचा सर्व्हर असणे आता नवलाईचे राहिलेले नाही. बहुतेक ठिकाणी जिन्यालगतची किंवा जुन्या दप्तराची एखादी खोली रिकामी केली जाते, तिथे सर्व्हर व त्याची जोडउपकरणे बसवायची चौकट, म्हणजे रॅक, उभा राहतो आणि एसी किती टनाचा घ्यावा हे दुकानदाराला विचारले जाते. दुकानदार खोलीचे चौरस फूट विचारतो आणि गाडी तिथेच रुळावरून घसरते. सर्व्हरच्या खोलीतील मुख्य उष्णता विजेतून येते, क्षेत्रफळाशी तिचा संबंध फार थोडा असतो. सर्व्हर कोणतीही वस्तू उचलत नाही की ढकलत नाही, त्यामुळे त्यात शिरलेला जवळजवळ प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरतो. म्हणून वीज नीट मोजली की उष्णतेचे गणित आपोआप हाती येते, आणि वीज अंदाजाने धरली तर पुढचे सगळेच अंदाजाने चालते.

त्यासाठी तीन आकडे लक्षात ठेवावेत. १ वॅट म्हणजे ताशी ३.४१२ बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक), १ टन म्हणजे ताशी १२,००० बीटीयू, आणि म्हणून १ टन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता ओढण्याची क्षमता. एसीवाला टनात बोलतो, सर्व्हरचे माहितीपत्रक बीटीयूमध्ये आणि वीजबिल किलोवॅटमध्ये बोलते. सर्व हिशेब वॅटमध्ये करावा आणि टनाकडे अगदी शेवटी वळावे.

पहिली पायरी : पाटीवरचा आकडा बाजूला ठेवणे

सर्व्हरच्या मागे दोन पॉवर सप्लाय असतात आणि प्रत्येकावर ७५० वॅट असे लिहिलेले असते. यावरून सर्व्हर १,५०० वॅट खातो असे समजणे चुकीचे आहे. ७५० ही तो पॉवर सप्लाय देऊ शकेल अशी कमाल मर्यादा आहे, आणि दुसरा सप्लाय पहिला बंद पडल्यास काम थांबू नये म्हणून बसवलेला असतो. पतसंस्थेचे बँकिंग सॉफ्टवेअर किंवा रुग्णालयाची नोंदणी चालवणारा दोन प्रोसेसरचा सर्व्हर प्रत्यक्षात बहुतेक वेळ २०० ते ३०० वॅटमध्ये भागवतो.

हा वापर कुठून येतो याची जाण असली की मोजलेला आकडा पटतो की नाही ते कळते. मोठा वाटा प्रोसेसरचा असतो. रॅमची प्रत्येक पट्टी ३ ते ५ वॅट घेते, फिरणारी हार्ड डिस्क ६ ते १० वॅट घेते आणि उरलेले पंखे व पॉवर सप्लायच्या स्वतःच्या तुटीत जाते. ग्राफिक्स कार्ड बसले की मात्र सगळे गणित बदलते. एनव्हीडियाचे एल४ हे कार्ड ७२ वॅटमध्ये राहते, तर एच१०० च्या मोठ्या प्रकाराला एकट्याला ७०० वॅटपर्यंत लागतात. अशी यंत्रणा घेण्याचा विचार करणाऱ्या महाविद्यालयांनी खरेदीच्या आधीच खोलीचा विचार करावा, कारण नेहमीच्या कार्यालयीन खोलीत ती उष्णता मावत नाही.

पॉवर सप्लायची तूट कळण्यासाठी त्यावरील ८० प्लस या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राचा दर्जा पाहावा. २३० व्होल्टवर आणि निम्म्या भारावर गोल्ड दर्जाची कार्यक्षमता किमान ९२ टक्के, प्लॅटिनमची ९४ आणि टायटेनियमची ९६ टक्के असावी लागते. येथे एक बारकावा आहे. दोन सप्लाय भार वाटून घेतात तेव्हा २४० वॅटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येकावर जेमतेम १६ टक्के भार येतो, आणि इतक्या कमी भारावर कार्यक्षमता निम्म्या भाराच्या मानाने घसरते. म्हणून जास्त वॅटचा सप्लाय म्हणजे जास्त सुरक्षितता, या समजुतीने ७५० पुरेसा असताना १,४०० वॅटचा सप्लाय मागवू नये. बऱ्याच सर्व्हरमध्ये एक सप्लाय राखीव ठेवून दुसऱ्यावरच काम चालवण्याची सोय असते. ती असल्यास जरूर वापरावी.

दुसरी पायरी : प्रत्यक्ष मोजणी

सर्वात सोपा मार्ग सर्व्हरलाच विचारण्याचा आहे. डेलच्या सर्व्हरवर आयड्रॅक, एचपीईच्या सर्व्हरवर आयएलओ आणि इतर अनेकांवर आयपीएमआय या नावाने देखरेखीची सोय असते, आणि तिच्या पॉवर या पानावर सध्याचा, सरासरी व कमाल वापर वॅटमध्ये दिसतो. एका क्षणाचा आकडा घेऊन समाधान मानू नये. पतसंस्थेत महिनाअखेर व्याज आकारणीच्या वेळी, ३१ मार्चच्या रात्री आणि रोजच्या बॅकअपच्या तासांत वापर वाढतो, त्यामुळे किमान एक महिनाअखेर मोजणीत आली पाहिजे. कमाल आकडा एसी व यूपीएस निवडण्यासाठी लागतो आणि सरासरी आकडा बिलाच्या हिशेबासाठी. हे दोन आकडे वहीत वेगळ्या रकान्यांत लिहावेत.

जुन्या सर्व्हरला, स्विचला किंवा कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या एनव्हीआरला अशी सोय नसते. तिथे क्लॅम्प मीटर वापरावा, पण तो संपूर्ण केबलभोवती अडकवून चालत नाही. केबलमध्ये फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतात आणि मीटरवर शून्य दिसते, मग मीटर बिघडला असे वाटते. त्यासाठी वायरमनकडून हातभर लांबीची एक जोडवायर करून घ्यावी, जिच्यात फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग या तीन तारा सुट्या असतील, आणि मीटरचा जबडा फक्त फेजच्या तारेभोवती बसवावा. सर्व्हरला दोन सप्लाय असल्यास दोन्ही वायरींवर मोजून बेरीज करावी. समजा एका वायरीवर ०.५५ अँपिअर आणि दुसऱ्या वायरीवर ०.५८ अँपिअर दिसले आणि त्या वेळी व्होल्टेज २३१ होते, तर गुणाकार २६१ येतो. हे २६१ व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नव्हेत. त्याच वेळी आयड्रॅकवर २४० वॅट दिसत असतील तर पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्होल्ट-अँपिअर, ०.९२ आहे आणि दोन्ही आकडे एकमेकांशी जुळतात. उष्णतेसाठी वॅट धरावेत, वायर, एमसीबी आणि यूपीएससाठी व्होल्ट-अँपिअर. चालू सर्व्हरच्या वायरीला हात लावण्याचे काम परवानाधारक वायरमननेच करावे आणि एका वेळी एकच सप्लाय काढावा, म्हणजे दुसऱ्यावर सर्व्हर चालू राहतो.

तिसरी पायरी : उष्णतेची बेरीज

हिशेब समजण्यासाठी एका पतसंस्थेच्या मुख्य शाखेचा रॅक डोळ्यांसमोर आणू. त्यात तीन सर्व्हर आहेत, त्यांचे कमाल वापराचे आकडे २१०, २४० आणि १८० वॅट, एकूण ६३०. बारा डिस्कचे स्टोरेज २६० वॅट, कॅमेऱ्यांना वीज पुरवणारा पीओई स्विच १३०, साधा स्विच ३०, फायरवॉल २५ आणि एनव्हीआर ४५. सर्व मिळून १,१२० वॅट. केवळ सर्व्हरच्या पाट्यांवरून हाच आकडा धरला असता तर तीन सर्व्हरचेच ४,५०० वॅट झाले असते आणि खोलीत दोन टनाचा एसी आला असता.

आता यातून काय वजा होते आणि काय मिळते ते पाहू. पीओई स्विचने घेतलेल्या १३० वॅटपैकी सुमारे ९० वॅट केबलमधून काउंटरवरच्या आणि दारावरच्या कॅमेऱ्यांकडे जातात, त्यामुळे ती उष्णता या खोलीत उतरत नाही. रॅकची खोलीत उतरणारी उष्णता १,०३० वॅट उरली. उलट यूपीएस त्याच खोलीत असेल तर त्याची तूट मिळवावी लागते. ९० टक्के कार्यक्षमतेचा ऑनलाइन यूपीएस १,१२० वॅट देण्यासाठी १,२४४ वॅट घेतो, म्हणजे १२४ वॅट त्याच्या अंगातूनच बाहेर पडतात. बॅटरी चार्ज होत असताना यात आणखी भर पडते.

आपल्याकडे सर्वाधिक विसरली जाणारी गोष्ट म्हणजे छत. गच्चीखालची खोली स्वस्तात मिळते म्हणून सर्व्हर तिथे जातो आणि एप्रिल-मेच्या दुपारी स्लॅब तव्यासारखा तापतो. उष्णतारोधक थर नसलेल्या स्लॅबमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ३ वॅट उष्णता आत येते. खोली ३ मीटर रुंद आणि ४ मीटर लांब असेल, तर १२ चौरस मीटर स्लॅब आणि उन्हाचा परिणाम धरून २० अंशांचा फरक यांचा हिशेब ७२० वॅट होतो. तीन सर्व्हरच्या एकत्रित उष्णतेपेक्षाही हा आकडा मोठा आहे. खोली निवडण्याचे स्वातंत्र्य असेल तर मधल्या मजल्यावरील, उत्तर किंवा पूर्व भिंतीची खोली घ्यावी. ते शक्य नसेल तर गच्चीवर पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चिनी मातीच्या पांढऱ्या तुकड्यांचा थर द्यावा, तो खर्च एसीच्या बिलातून वसूल होतो.

दिव्यांचे ४० वॅट धरून एकूण बेरीज १,९१४ वॅट होते. ३.४१२ ने गुणले की ताशी सुमारे ६,५३० बीटीयू, आणि १२,००० ने भागले की ०.५४ टन. पुढील तीन-चार वर्षांत आणखी एक सर्व्हर येईल असे गृहीत धरून उपकरणांच्या आकड्यात ३० टक्के भर घातली, तर सव्वादोन किलोवॅटपर्यंत जाता येते.

चौथी पायरी : एसी

०.५४ टन आले म्हणून पाऊण टनाचा एसी आणावा, असा अर्थ काढू नये. घरगुती एसीच्या क्षमतेचा काही भाग हवेतील ओल काढण्यात जातो. सर्व्हर ओल सोडत नाहीत, फक्त कोरडी उष्णता सोडतात, आणि ती ओढण्यासाठी घरगुती एसीच्या क्षमतेचा ७० ते ७५ टक्के भागच धरावा. १ टनाचा एसी अशा खोलीत साधारण अडीच किलोवॅट काम करतो. शिवाय ही क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. बाहेरचे युनिट तापलेल्या गच्चीवर किंवा पश्चिमेच्या भिंतीला असेल तर मे महिन्यात ती आणखी उतरते.

वरील खोलीला माझे स्पष्ट मत असे की, दोन टनाचा एक एसी घेण्याऐवजी १ टनाचे दोन इन्व्हर्टर एसी घ्यावेत आणि टायमरने ते सहा-सहा तासांच्या पाळीने चालवावेत. एकाची दुरुस्ती निघाली तरी खोली सांभाळली जाते, आणि कडक दुपारी दोन्ही लावता येतात. गरजेपेक्षा मोठा एसी पावसाळ्यात विशेष त्रास देतो. तो काही मिनिटांत तापमान उतरवून थांबतो आणि ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही.

तापमान किती ठेवावे याबद्दल अमेरिकेतील अॅश्रे या संस्थेची शिफारस सर्वत्र मानली जाते. सर्व्हरच्या पुढच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, आणि आजच्या बहुतेक सर्व्हरना ३५ अंशांपर्यंतची हवा सोसते. खोली १८ अंशांवर गोठवण्याने काहीही साधत नाही. एसी २३ ते २५ वर ठेवून सर्व्हरच्या पुढच्या सेन्सरवर २७ च्या आत हवा मिळते ना, एवढे पाहावे. त्याहून वर मात्र जाऊ नये, कारण हवा गरम झाली की सर्व्हरचे पंखे वेगाने फिरू लागतात आणि पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट झाला तर वीज आठपट लागते, आणि एसीत वाचवलेले सर्व्हरमध्ये खर्च होते.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. ९०० मीटरच्या वर गेल्यास तापमानाची मर्यादा दर ३०० मीटरला एक अंशाने कमी धरावी लागते, ती वेळ आपल्यावर येत नाही. पण इथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्के विरळ आहे, त्यामुळे तेवढीच उष्णता वाहून नेण्यासाठी तितकी जास्त हवा फिरवावी लागते.

पाचवी पायरी : हवेचा मार्ग

हवा किती लागेल याचे सूत्र सोपे आहे. वॅटला ३ ने गुणावे आणि सर्व्हरच्या पुढच्या व मागच्या हवेतील अंशांच्या फरकाने भागावे, म्हणजे ताशी घनमीटर मिळतात. १,०३० वॅट आणि १२ अंशांचा फरक घेतल्यास २५७ येतात, उंचीमुळे ते २८० धरावेत. १ टनाच्या एसीचा पंखा याहून जास्त हवा फेकतो. तरीही रॅक तापतो, याचे कारण बहुतेक वेळा हवा चुकीच्या वाटेने जाते हे असते.

तपासण्याची एक सोपी रीत आहे. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी एका काडीला चिकटवावी आणि रॅकच्या पुढच्या बाजूने खालून वर सरकवत न्यावी. चालू सर्व्हरसमोर पट्टी आत ओढली जाते. रिकाम्या खणासमोर ती आपल्याकडे, म्हणजे बाहेर फडफडली, तर मागची गरम हवा त्या भोकातून पुढे येते आहे आणि सर्व्हर स्वतःचीच उष्णता पुन्हा घेतो आहे. अशा प्रत्येक रिकाम्या खणाला झाकणपट्टी लावावी. ती प्लास्टिकचीही चालते आणि या संपूर्ण लेखात सुचवलेल्या उपायांत सर्वात स्वस्त आहे. एसीचा झोत रॅकच्या पुढच्या बाजूला पडावा, मागे भिंतीपर्यंत किमान तीन फूट जागा असावी आणि रॅकला काचेचे दार असेल तर ते काढून जाळीचे बसवावे.

बाहेरची थंड हवा आत घ्यावी का, असा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो, कारण इथली हवा खरोखरच चांगली आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, फिल्टर लावलेल्या पंख्याने, हे शक्य आहे. जुलैमध्ये अजिबात करू नये. खानापूरच्या पावसात बाहेर २२ अंश असले तरी हवा ओलीने भरलेली असते, आणि अॅश्रेच्या शिफारशीनुसार सर्व्हरजवळच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील ओलीचे पाणी होऊ लागते ते तापमान, १५ अंशांच्या वर जाऊ नये. उद्यमबागेतील फाउंड्रीजवळची धूळ तर बाराही महिने बाहेरच ठेवावी, कारण तिच्यातील धातूचे कण वीजवाहक असतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळ कार्यालय असेल तर एसीची जाळी दर पंधरवड्याला धुवावी.

सहावी पायरी : वीज गेल्यावर

या टप्प्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. यूपीएस दोन तासांचा घेतलेला असतो, पण एसी यूपीएसवर नसतो. वीज जाताच थंडावा थांबतो आणि सर्व्हर मात्र तितकीच उष्णता सोडत राहतात. वरील खोलीची उंची ३ मीटर धरली तर तिच्यात ३६ घनमीटर, म्हणजे सुमारे ३९ किलो हवा आहे. रॅक आणि यूपीएसच्या साडेअकराशे वॅटने ती हवा पहिल्या काही मिनिटांत दर मिनिटाला दीड-पावणेदोन अंशांनी तापू शकते. पुढे भिंती उष्णता शोषू लागल्यावर वेग कमी होतो. तरीही दार बंद असलेल्या छोट्या खोलीत दोन तासांचा बॅकअप हा केवळ कागदावरचा बॅकअप असतो.

यावर उपाय तीन आहेत आणि ते याच क्रमाने करावेत. जनरेटर असेल तर किमान एक एसी त्यावर घ्यावा, आणि जनरेटर निवडताना एसीचा सुरू होतानाचा झटका व यूपीएसची बॅटरी चार्जिंग धरावी. जनरेटर नसेल तर यूपीएसवर एक छोटा एक्झॉस्ट पंखा ठेवून वीज जाताच दार उघडण्याची जबाबदारी रखवालदाराला नेमून द्यावी. आणि काहीही असले तरी, सर्व्हरच्या पुढच्या सेन्सरवर ३० अंशांना मोबाइलवर इशारा जावा आणि ३५ अंशांना सर्व्हर स्वतःहून व्यवस्थित बंद व्हावेत, अशी मांडणी करून ती एकदा प्रत्यक्ष चालवून पाहावी.

वीज परत येते तेव्हा सगळे सर्व्हर एकदम सुरू झाले तर पंखे आणि डिस्क एकाच क्षणी पूर्ण वेगात जातात. सर्व्हरच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीत, वीज आल्यानंतर किती सेकंदांनी सुरू व्हायचे ते ठरवता येते. आधी स्टोरेज, मग सर्व्हर, असा क्रम लावावा. जाता जाता एक सूचना : सर्व्हरच्या एमसीबीवर बंद करू नये अशी चिठ्ठी मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत लावावी. रात्री अपरात्री येणारा वायरमन कोणत्या भाषेतली चिठ्ठी वाचेल हे आपल्या भागात सांगता येत नाही.

सातवी पायरी : बिल

सरासरी वापर धरावा. रॅकचे सरासरी १,००० वॅट, यूपीएसची तूट १२० आणि वर्षभराच्या सरासरीने एसीचे ४५० असे धरले, तर एकूण १,५७० वॅट होतात. २४ तास आणि ३० दिवसांनी गुणले की महिन्याला सुमारे १,१३० युनिट. त्यांतले ७२० युनिट रॅकने घेतले, उरलेले त्याला सांभाळण्यात गेले. एकूण विजेला रॅकच्या विजेने भागले की १.५७ येतात. या गुणोत्तराला पीयूई म्हणतात, आणि लहान खोलीत ते १.६ च्या आसपास राहिले तरी काम चांगले आहे असे मी मानतो.

आपल्या भागात वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमच्या बिलात युनिटच्या दराबरोबर मंजूर भाराच्या प्रत्येक किलोवॅटमागे स्थिर आकार असतो. त्यामुळे पाट्यांवरचे वॅट बेरजेत धरून मंजूर भार वाढवून घेतला तर वापर असो वा नसो, दरमहा जादा पैसे जातात. भार वाढवण्याचा अर्ज आपल्या आरआर नंबरासह (वीजजोडणीच्या क्रमांकासह) करण्यापूर्वी मोजलेले आकडे वायरमनसमोर ठेवावेत.

बचतीची सुरुवात कोणाच्याही उपयोगाचा न राहिलेला सर्व्हर शोधण्यापासून करावी. जुने सॉफ्टवेअर कधीतरी लागेल म्हणून चालू ठेवलेला १५० वॅटचा सर्व्हर महिन्याला स्वतःचे १०८ युनिट आणि यूपीएस व एसी मिळून दीडशेहून अधिक युनिट घेतो. त्यातील माहिती दुसऱ्या सर्व्हरवर आभासी यंत्र म्हणून, म्हणजे त्याच यंत्रात सॉफ्टवेअरने उभा केलेला वेगळा सर्व्हर म्हणून, हलवावी. त्यानंतर बायोसमधील पॉवर प्रोफाइल पाहावे. ते कमाल कामगिरीवर असेल तर प्रोसेसर रिकामा असतानाही वेग उतरवत नाही. ते संतुलित पर्यायावर आणून आठवडाभर कामाचा वेग आणि वॅट दोन्ही पाहावेत, आणि काउंटरवर कोणाला फरक जाणवला नाही तर तसेच ठेवावे. मोजणी वर्षातून दोनदा पुन्हा करावी : एकदा एप्रिलच्या शेवटी दुपारी, आणि एकदा जुलैच्या झडीत, तापमानाबरोबर आर्द्रतेचीही नोंद घेऊन.